शाबेर्तों: ज्या देशावर तोफा रोखल्या, त्याच देशाच्या नकाशात गेलेला डोंगर

घसारावीर

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी शाबेर्तोंला जाऊन आलो. गुडघे अजून कुरकुरताहेत, तोवर लिहून टाकतो, नाहीतर दिवाळीपर्यंत राहून जाईल.

आधी नावाचं. लिहिलेलं बघून मी दोन वर्षं 'चाबर्टन' म्हणत होतो. ऑफिसातले इटालियन लोक सभ्य, हसायचे नाहीत, पण नंतर हळूच 'शाबेर्तों' म्हणून दाखवायचे. उंची ३१३१ मीटर. आल्प्सच्या मानानं काही फार नाही. पण तोरिनोहून (आपलं ट्युरिन) सूझाच्या खोऱ्यातून वर चेझानाकडे निघालं की समोर एक करडा, उघडाबोडका सुळका उभा राहतो आणि त्याच्या डोक्यावर ओळीनं दात असल्यासारखं काहीतरी दिसतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ते खडक वाटले होते. ते आठ बुरूज आहेत. माणसानं बांधलेले, तीन हजार मीटरवर.

डोंगर आज फ्रान्समध्ये आहे आणि किल्ला इटलीनं बांधलेला. सगळी गंमत त्यातच आहे.

थोडं मागं जातो. खाली मोंजेनेव्रची खिंड आहे, १८५४ मीटरवर. एका अंगाला द्युराँस नदी उगम पावते आणि ऱ्होनला मिळून भूमध्य समुद्रात जाते. दुसऱ्या अंगाचं पाणी दोरा रिपारियातून पो नदीत आणि तिथून एड्रियाटिकमध्ये. आपल्याकडे महाबळेश्वरात सावित्री कोकणात उतरते आणि कृष्णा पार बंगालच्या उपसागराकडे निघते, तसंच. पण खिंडीच्या दोन्ही बाजूंची माणसं मात्र शतकानुशतकं एकत्र होती. १३४३ च्या सनदेनं ब्रियाँसों, ऊल्क्स, केरास वगैरे पाच भागांना आपला कारभार आपण बघण्याचे हक्क मिळाले होते. १७१३ च्या उत्रेख्तच्या तहात राजांनी ठरवलं की पाणी जिकडे वाहतं तिकडचा मुलूख त्याचा. पूर्वेचं खोरं सावोयच्या घराण्याकडे (तोरिनोचे राज्यकर्ते) गेलं. शाबेर्तों मुख्य पाणलोटाच्या पूर्वेला, म्हणून तोही तिकडेच, आणि पुढे इटली झाल्यावर इटलीत.

१८८२ मध्ये इटलीनं जर्मनी आणि ऑस्ट्रियाशी युती केली. म्हणजे शत्रू कोण, तर फ्रान्स. आणि शाबेर्तोंच्या माथ्यावरून सरळ रेषेत दहा-बारा किलोमीटरवर ब्रियाँसों, फ्रान्सचं तटबंदीचं शहर. कुठल्याही सेनाधिकाऱ्याला मोह होणारच. १८९८ मध्ये काम सुरू झालं, १९१० पर्यंत चाललं. फेनिल्स गावापासून माथ्यापर्यंत गाडीरस्ता खोदला, डोंगराचं टोक सुरुंग लावून उडवलं, तासून सपाट मैदान केलं आणि त्याच्या कडेला आठ दगडी बुरूज उभे केले. प्रत्येकावर पोलादी घुमट आणि त्यात १४९ मिलिमीटरची तोफ. दारूगोळ्याची कोठारं खाली खडकात कोरली. फ्रेंच लोक त्याला 'ढगांतली युद्धनौका' म्हणायचे. खालून पाहिलं की खरंच बोटीसारखं दिसतं.

(अवांतर: वर हे बांधकाम चालू असतानाच, १९०७ मध्ये, खाली मोंजेनेव्रला स्कीइंगची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि तीत फ्रेंच आणि इटालियन सैनिक एकत्र उतरले होते.)

मग १९१५ मध्ये इटलीनं पक्ष बदलला आणि फ्रान्सच्या बाजूनं ऑस्ट्रियाविरुद्ध युद्धात उतरली. शाबेर्तोंच्या तोफा काढून तिकडच्या आघाडीवर नेल्या. बारा वर्षं घाम गाळून बांधलेला किल्ला पहिल्या महायुद्धात रिकामा! पुढे मुसोलिनीच्या काळात तोफा परत चढल्या.

१० जून १९४० ला इटलीनं फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारलं. फ्रान्स तेव्हा जर्मनांपुढे कोसळत होता. २१ जूनला आल्प्समध्ये मोठं आक्रमण सुरू झालं आणि त्याच दिवशी शाबेर्तों संपला. फ्रेंचांच्या १५४ व्या तोफखाना रेजिमेंटची एक तुकडी, मिगे नावाचा अधिकारी, २८० मिलिमीटरच्या चार उखळी तोफा. ब्रियाँसोंजवळ डोंगराआड दोन ठिकाणी दोन-दोन लपवलेल्या. दिवसभर धुकं आणि ढग. माथा दिसला की मारायचं, झाकला की थांबायचं. संध्याकाळपर्यंत आठांपैकी सहा बुरूज गेले. वर नऊ-दहा माणसं मेली. तीन दिवसांत, २४ जूनला, युद्धबंदीवर सह्या झाल्या.

१० फेब्रुवारी १९४७ च्या पॅरिस तहात इटलीकडून जे डोंगराळ तुकडे फ्रान्सनं घेतले, त्यात शाबेर्तोंही होता. पाणलोटाचा १७१३ चा नियम इथं मोडला. सीमा माथ्याच्या पूर्वेला सरकवली, का तर पुन्हा कुणी वरून ब्रियाँसोंवर नेम धरू नये.

आता चढाईबद्दल. तोरिनोहून ऊल्क्सपर्यंत रेल्वे, सव्वा तासाच्या आसपास. तिथून चेझाना, क्लाविएरे करत मोंजेनेव्रला बस. गाव १८५० मीटरवर, म्हणजे चढ साधारण १२८० मीटरचा. सुरुवातीला स्कीच्या उतारांवरून, गवतातून. मग बेसचं खोरं अरुंद होत जातं, गवत संपतं आणि घसारा सुरू होतो. हा घसारा म्हणजे आपल्या मढे घाटाचा नव्हे. पांढरट, धारदार, पायाखाली काचा फुटल्यासारखा वाजणारा. उतरताना एकदा दोन्ही पाय निसटले, ढुंगणावर दहा फूट आलो. पँट गेली.

२६७४ मीटरवर दुसरी खिंड लागते, शाबेर्तोंची. तिथं काटेरी तारांची गंजलेली वेटोळी अजून पडलेली आहेत. इथून पुढे जुना लष्करी रस्ता. वळणं घेत घेत साडेचारशे मीटर चढतो, कुठेही दोरी नाही, कुठेही हात लावावा लागत नाही. कष्ट आहेत ते विरळ हवेचे आणि कंटाळ्याचे. मला वर पोचायला सव्वाचार तास लागले. माझ्यापुढे एक सत्तरीच्या आजीबाई होत्या, त्या शेवटपर्यंत पुढेच राहिल्या.

माथा आला की पहिली गोष्ट जाणवते ती सपाटी. तीन हजार मीटरवर शाळेच्या पटांगणाएवढं मैदान! आणि त्याच्या कडेला ते बुरूज, काही उभे, काही वरून कुस्करलेले. आत आतड्यासारखे वाकलेले गज. दक्षिणेला मोनविझो, पश्चिमेला एक्राँची बर्फाळ रांग. आणि खाली ब्रियाँसोंकडचं खोरं इतकं उघडं दिसतं की पोटात गोळा येतो. इथं बसलेल्या तोफखान्याच्या पोराला काय वाटत असेल, याचा विचार करत मी मेथीचे ठेपले खाल्ले.

फोटो मोबाइलवरून चढत नाहीयेत, रात्री टाकतो.

---

माणगावचा_मी

झकास लेख. एक शंका. आमच्या तालुक्यातले यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, इटलीतच लढले ना? त्यांचा पुतळा माणगावला आहे. ते याच डोंगरावर का?

---

जुनीपानं

@माणगावचा_मी, नाही. शाबेर्तों १९४० चा, आणि तेव्हा तिथं फक्त फ्रेंच आणि इटालियन. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला पडले, ते मध्य इटलीत, तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. तिथल्या मोंतोने गावात २०२३ मध्ये त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलंय. दुसरे आपले नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातले, सेनिओ नदीवर, ९ एप्रिल १९४५. तो भाग आपेनाइन डोंगर आणि पुढचं मैदान. आल्प्स नव्हे.

पण एक धागा आहे, आणि तो धागाकर्त्यांनी सोडला. १९४७ च्या त्या पॅरिस तहावर सह्या करणाऱ्या देशांत भारतही होता. स्वातंत्र्याच्या सहा महिने आधी! इटलीत भारतीय पलटणी लढल्या म्हणून ती खुर्ची मिळाली. म्हणजे हा डोंगर इटलीतून फ्रान्समध्ये सरकवणाऱ्या कागदावर आपलीही सही आहे.

---

घसारावीर

@जुनीपानं, हे मला अजिबात माहीत नव्हतं. आता पुढच्या वेळी माथ्यावर जाऊन 'आमची पण सही आहे' असं सांगता येईल.

---

तोफखाना_निवृत्त

लेख चांगला आहे, पण बुरुजांबद्दल घाईत उरकलंत. ते का बांधले आणि का पडले हे समजून घेण्यासारखं आहे.

बुरूज साधारण बारा मीटर उंच आहेत. का? कारण हिवाळ्यात तिथं इतका बर्फ साचतो की जमिनीलगतची तोफ गाडली जाईल. तोफ बर्फाच्या वर राहिली पाहिजे आणि चौफेर फिरली पाहिजे. बर्फाशी लढण्यासाठी केलेली ती युक्ती. आता शत्रूच्या नजरेनं बघा. डोंगराच्या शेंड्यावर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर, ओळीनं उभे आठ खांब. याहून चांगलं निशाण तोफखान्याच्या मैदानावरसुद्धा मांडून मिळत नाही.

वरचे पोलादी घुमट पातळ होते. किरच्या अडवतील एवढेच. १९०० च्या सुमारास हा हिशोब बरोबर होता, कारण तेव्हाच्या तोफेचा गोळा तेवढ्या उंचीवर नेम धरून पोचतच नव्हता. पुढे पहिल्या महायुद्धात उखळी तोफा सुधारल्या. लांब नळीची तोफ समोरचं बघून मारते, उखळी गोळा आभाळात उंच फेकते आणि तो वरून, छपरावर पडतो. स्वतः डोंगराआड बसायचं, समोरच्या कड्यावरून निरीक्षक सांगेल तसं डावं-उजवं, लांब-जवळ करायचं. २८० मिलिमीटरचा गोळा दोनशे किलोच्या वर. शाबेर्तोंवाल्यांना मारा कुठून होतोय ते दिसत नव्हतं. त्यांना मात्र सगळे बघत होते.

वरून सगळं दिसतं, त्याला सगळे बघतात. आमच्या वेळी देवळालीच्या तोफखाना शाळेत हे पहिल्या महिन्यात घोकून घेत.

---

कांदेपोहे

म्हणजे बारा वर्षं आणि एवढा पैसा फुकटच ना? मूर्खपणा म्हणायचा का?

---

तोफखाना_निवृत्त

१८९८ मध्ये मूर्खपणा नव्हता. १९४० मध्ये तेच बुरूज, तेच पातळ घुमट घेऊन युद्धात उतरणं, हा होता.

---

लियाँची_वहिनी

मी थोडी असहमत आहे काका. फ्रेंच बाजूला राहून ऐकलेलं सांगते. ब्रियाँसोंच्या लोकांना तीस वर्षं तो डोंगर खिडकीतून दिसायचा. फ्रेंचांनी समोरच्या जानुस डोंगरावर मॅजिनो रेषेतला (सीमेवरच्या तटबंदीच्या साखळीतला) किल्ला बांधला, उखळी तोफा आणून ठेवल्या. युद्धाआधी एकही गोळा न मारता शाबेर्तोंनं समोरच्याला इतकं गुंतवून ठेवलं, हेही काम झालंच की.

आणि एक. इटलीत हा विषय काढाल तर जपून. तिथल्या लष्करी इतिहासवेड्यांना शाबेर्तों फ्रान्सला दिल्याची सल अजून आहे. फ्रान्समध्ये त्याउलट, १९४० म्हटलं की सगळी मान खाली घालायची वेळ, त्यात आल्प्सची आघाडी टिकली हा एकच दिलासा. त्यामुळे तिथं २१ जून छाती काढून सांगतात.

---

भूगर्भी

या भागात गेलात आणि शनेये पाहिला नाहीत? पाप आहे.

शाबेर्तों डोलोमाइट आणि चुनखडीचा. उथळ समुद्रात साचलेले थर, म्हणून तो घसारा पांढरट आणि धारदार. मोंजेनेव्रच्या खिंडीच्या दक्षिणेला शनेये नावाचा डोंगर आहे, २६५० मीटरचा, आणि तो म्हणजे चक्क समुद्राचा तळ. आफ्रिका आणि युरोपच्या मध्ये ज्युरासिक काळात महासागर होता, त्याच्या तळाचा तुकडा आल्प्स उचलले गेले तेव्हा वर आला. तिथं बेसॉल्ट आहे, पण आपल्या सह्याद्रीसारखा पायऱ्यापायऱ्यांचा नाही. लाव्हा पाण्याखाली बाहेर पडला की लगेच थिजतो आणि लोड-तक्क्यांसारखे गोल गोल गोळे होतात. डोंगरउतारावर हजारो दगडी उशा एकावर एक रचलेल्या दिसतात. आपला दख्खनचा लाव्हा बहुतेक उघड्यावर वाहिला, म्हणून आपल्याला अशा उशा सहसा बघायला मिळत नाहीत.

चढही शाबेर्तोंपेक्षा सोपा. घरच्यांना तिकडे न्या आणि तुम्ही बुरूज बघा.

---

बुलेटराजा

माझा एकच प्रश्न. रस्ता आहे म्हणताय तर बाइक जाईल का?

---

घसारावीर

@बुलेटराजा, जायची, एकेकाळी. आल्प्समधल्या सगळ्यात उंच रस्त्यांपैकी एक म्हणून मोटारसायकलवाले फेनिल्सहून वर यायचे. आता दरडींनी रस्ता खाल्लाय आणि वाहनांना बंद आहे. सायकलवाले येतात, म्हणजे खांद्यावर सायकल घेऊन येतात. मला दोघं भेटले, खिंडीच्या वर सायकलनंच त्यांची स्वारी केली होती.

@भूगर्भी, शनेयेला पुढच्या वेळी नक्की.

---

सई_तोरिनो

मीही इथलीच. फेनिल्सच्या बाजूनं गेले आहे, म्हणून भर घालते. तो जुना रस्ता पूर्णच्या पूर्ण चालायचा असेल तर इटलीतून सुरुवात करा. चढ १८०० मीटरच्या वर, दिवस पुरत नाही, पण बांधणाऱ्यांची करामत कळते. मध्येच कुठेतरी तुम्ही देश बदलता आणि कळतही नाही. वाया फेराता करणाऱ्यांसाठी या डोंगरावर लोखंडी तारेची वेगळी वाट आहे. हार्नेस, हेल्मेट आणि सवय नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

माथ्यावरच्या बोगद्यांबद्दल लेखात काही नाही, म्हणून सांगते. आत उन्हाळ्यातही बर्फ असतो, काचेसारखा. छत ढासळतं. आमच्यातला एक जण मोबाइलच्या उजेडात दहा पावलं आत गेला आणि बसूनच बाहेर आला. आणि ढग जमायला लागले की खाली निघा. वर सगळीकडे लोखंड आहे आणि विजेला तेच हवं असतं.

---

अनामिक_पांथस्थ

बसनं जाणाऱ्यांनी पासपोर्ट आणि राहण्याचा परवाना जवळ ठेवा. शेंगेन (युरोपातला सीमेवर तपासणी नसलेला प्रदेश) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. फ्रान्सनं २०१५ पासून या सीमेवर तपासणी परत सुरू केली आहे. आमची बस क्लाविएरेच्या पुढे थांबवली. कागद मागितले ते फक्त मला आणि मागच्या बाकावरच्या दोन आफ्रिकन मुलांना. माझे होते, मी पुढे गेलो. ती मुलं उतरली.

याच मोंजेनेव्रच्या खिंडीतून गेली काही वर्षं लोक रात्री, बर्फातून, बुटांऐवजी साध्या चपला-जोड्यांवर पलीकडे जायचा प्रयत्न करतात. काही वाटेतच गेले. दिवसा आपण ज्या उतारावर काठ्या टेकत चालतो, तोच उतार.

---

कांदेपोहे

हे वाचून गप्प झालो.

---

घसारावीर

@अनामिक, खरं आहे. आमच्या बसमध्येही तपासणी झाली. माझ्या शेजारी बसलेल्या गोऱ्या सहकाऱ्यानं कार्ड काढून हातात धरलं होतं, त्याच्याकडे कुणी बघितलंही नाही. लेखात लिहायचं राहिलं, की टाळलं, मलाच नक्की माहीत नाही.

---

चेझाना_ते_चेंबूर

त्याच खोऱ्यातलं आणखी एक भग्नावशेष सांगतो. २००६ च्या तोरिनो हिवाळी ऑलिंपिकसाठी चेझानाला पारिओल इथं बॉबस्लेची (बर्फावरच्या घसरगाडीची) धावपट्टी बांधली. काही वर्षांत बंद पडली, आता गवत उगवतंय. शाबेर्तोंच्या माथ्यावरून पाहिलं तर खालचं ते काँक्रीटचं वेटोळं शोधून बघा.

---

सई_तोरिनो

@चेझाना_ते_चेंबूर, आम्ही त्याला 'अजगर' म्हणतो.

---

गुडघेदुखी_४८

जुलैत मुलाकडे म्युनिकला येतोय. हरिश्चंद्रगड, कळसूबाई होतं अजून. हे झेपेल का? बूट कुठले? आणि खरं सांगा, उतरताना किती त्रास?

---

घसारावीर

@गुडघेदुखी_४८, कळसूबाई झेपत असेल तर चढ झेपेल, फक्त उंची आधी अंगवळणी पडू द्या. आदल्या रात्री मोंजेनेव्रला किंवा ब्रियाँसोंला मुक्काम करा. ब्रियाँसों १३२६ मीटरवर आहे, व्होबाँ या सतराव्या शतकातल्या फ्रेंच लष्करी अभियंत्यानं बांधलेली तटबंदी बघण्यात संध्याकाळ जाते. जुलैच्या सुरुवातीला वर बर्फाचे पट्टे असू शकतात, महिन्याच्या शेवटी या. पहाटे निघा, खिंडीनंतर पाणी नाही, तीन लिटर घ्या. बूट घोट्याच्या वर येणारे, तळ कडक असलेले.

उतरताना त्रास आहे. लष्करी रस्ता सोडून घसाऱ्यावरून सरळ खाली पळणारी पोरं दिसतील, त्यांच्या नादी लागू नका. मी लागलो होतो, पँटची हकिगत वर दिली आहे. दोन काठ्या आणा.

---

गुडघेदुखी_४८

काठ्या घेतो. ठेपले कुणी आणायचे?